सिम्युलेटरमधला एक तास, फक्त थांबण्यासाठी

गेल्या वर्षी आमचं विमान धावपट्टीवर सुसाट निघालं असताना अचानक थांबलं. पट्टा पोटात रुतला, इंजिनं मोठ्यानं गरजली, मग एकदम शांतता. खिडकीबाहेर अग्निशमनाच्या गाड्या. दीड तास आम्ही आतच बसून होतो. शेवटी शिडीवरून उतरताना पाहिलं तर पंखाखालचं एक टायर पार बसलेलं. विमानच धड नव्हतं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. त्यानंतर प्रत्येक उड्डाणाला तळहात घामेजायचे. म्हणून सर्वसामान्यांसाठी खुलं असलेलं हे सिम्युलेटर सेंटर शोधलं आणि एक तास घेतला.

बोइंग ७३७-८०० चं कॉकपिट आहे, पण जमिनीला पक्कं बसवलेलं, हलत नाही. त्यांच्या यादीत सूर्यास्ताचं लँडिंग वगैरे आहे, टेक-ऑफ रद्द करण्याचा सराव नाही. मी फोनवरच सांगितलं होतं की मला तेवढंच करायचंय. तरी पहिली वीस मिनिटं कॉकपिटची नेहमीची ओळख करून देण्यात गेली. ही वेळ वाया गेली, हे स्पष्ट सांगते.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मात्र सोन्यासारखी. शिकवणारे कॅप्टन निवृत्त वैमानिक. त्यांनी आधी शब्द पक्के करून घेतले. ८० नॉट्सपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) बारीकसारीक बिघाडासाठीही थांबायचं. त्यापुढे फक्त आग, इंजिन बंद पडणं किंवा विमान उडूच शकणार नाही असं काही असेल तरच. आणि व्ही-वन, म्हणजे टेक-ऑफ रद्द करता येण्याची शेवटची वेगमर्यादा. मला वाटायचं, तिथे पोचल्यावर विचार करायचा. कॅप्टन म्हणाले, "नाही सिस्टर, व्ही-वन येईपर्यंत थांबायची पहिली कृती सुरू झालेली असायला हवी. विचार त्याआधी संपलेला असतो." मी १८ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. भूल देण्याआधी आम्ही सगळे मोठ्यानं बोलून खात्री करतो, ती का, हे मला इथे नव्यानं कळलं.

पहिल्यांदा ६० नॉट्सला पिवळा दिवा लागला. मी इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे लिव्हर मागे ओढले आणि ब्रेक आपोआप लागतील म्हणून वाट बघत बसले. लागले नाहीत! ऑटोब्रेकचं बटण आरटीओवर (रिजेक्टेड टेक-ऑफ, म्हणजे रद्द टेक-ऑफ) होतं, पण ९० नॉट्सच्या खाली ते ब्रेक लावत नाही. पायानं दाबावे लागतात. दुसऱ्यांदा १२५ नॉट्सला आगीची घंटा वाजली. या वेळी लिव्हर मागे घेताच ब्रेक पूर्ण ताकदीनं लागले. पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या. त्या पंखांची उचल मोडतात, म्हणजे विमानाचा सगळा भार चाकांवर येतो आणि ब्रेकला पकड मिळते.

तिसरी वेळ मी विसरणार नाही. वजन जास्त, धावपट्टी आखूड, व्ही-वन १३८. "व्ही-वन" ऐकलं की लिव्हरवरचा हात काढायचा, असं बजावलं होतं. मी काढला, आणि लगेच घंटा वाजली. हात आपसूक परत गेला, मी ओढलंच. धावपट्टी संपली तरी आम्ही धावत होतो. त्या वेगाला सेकंदाला ७० मीटर जातात, कॅप्टन म्हणाले. पुन्हा तोच प्रसंग दिला. या वेळी हात मांडीवर ठेवला आणि एका इंजिनावर वर चढले. चढलं ते.

मग मी टायरचं विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: विमानाचा बराचसा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो. ती हळूहळू चाकात झिरपते, म्हणून चाक थांबल्यावरही बराच वेळ तापत राहतं. टायर फुटू नये म्हणून चाकात विशिष्ट तापमानाला वितळणाऱ्या गुडद्या बसवलेल्या असतात. त्या वितळल्या की हवा आपोआप निघून जाते. म्हणजे मी पाहिलेलं बसलेलं टायर बहुधा ठरवल्याप्रमाणेच बसलं होतं. तो दीड तासही ब्रेक निवण्यासाठीच गेला असावा. त्या दिवशी हे कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं.

व्ही-वननंतर कधीच थांबत नाहीत का, असंही मी विचारलं. त्यांनी मार्च २०१७ मधली अमेरिकेतल्या विलो रन विमानतळावरची घटना सांगितली. एमडी-८३ विमानाचं नाक व्ही-वननंतरही वर येईना, कारण शेपटीकडचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा हलता भाग, अडकला होता. वैमानिकानं थांबायचं ठरवलं, आणि शेजारी त्याच्यावर देखरेख करणाऱ्या तपासणी-वैमानिकानं त्याच्या हातातलं काम हिसकावलं नाही. विमान धावपट्टीबाहेर गेलं, पण आतले ११६ जण वाचले. त्या शेजारच्या माणसाबद्दल मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

उणिवा आहेत. कॉकपिट हलत नसल्यानं थांबतानाचा तो धक्का अजिबात मिळत नाही, आणि माझी भीती तर त्या धक्क्याचीच होती. ब्रेकचं तापमानही पडद्यावर दिसत नाही. हेडसेट कानाला टोचतो.

पाचपैकी चार. जायचं असेल तर दोन तास घ्या, आणि ओळखीचा भाग नको हे आधीच लेखी कळवा. मी पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. ओली धावपट्टी मागितली आहे.