खाऱ्या पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगसाठी ॲल्युमिनियमची टाकी: रंगवलेली, लॅकरची की बिनरंगाची?

नागपूरहून मालवण म्हणजे नऊशे-हजार किलोमीटर. एवढ्या लांबच्या समुद्रात बुडी मारायला पाठीवरच्या हवेच्या टाक्या घरच्या कशाला, हे घरच्यांनी विचारून झालं आहे. पण आम्ही चार मित्र ऑक्टोबर ते मे या हंगामात तीन-चार फेऱ्या करतो, आणि सहा वर्षांपूर्वी मिळून चार टाक्या घेतल्या. माप एकच, मिश्रधातूही एकच, ६०६१. फरक फक्त वरच्या फिनिशचा. दोन पिवळ्या रंगवलेल्या, एक ब्रश फिनिशवर (म्हणजे ब्रशने घासून बारीक रेघा उमटवलेल्या धातूवर) पारदर्शक लॅकर मारलेली आणि एक नुसती ब्रश केलेली, वर काहीच नाही. ही चौथी आम्ही घेतली ती तिसरी पिवळी शिल्लक नव्हती म्हणून.

पहिले दोन हंगाम पिवळ्याच उजव्या वाटल्या. मालवणचं पाणी गढूळ असलं की जोडीदाराच्या पाठीवरचा पिवळा लांबून दिसतो. बोटीवर पंधरा-वीस टाक्या रांगेत असल्या तरी आपल्या कुठल्या हे विचारावं लागत नाही. कारखान्यातला रंग जिथे शाबूत असतो तिथे धातूपर्यंत मीठ पोचू देत नाही, हेही खरंच.

माझं मत फिरलं ते गच्चीवर. पावसाळ्याआधी टाक्या रिकाम्या करून आम्ही गाडीतून नागपूरला आणतो. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये एका पिवळीचा रबरी बूट, म्हणजे बुडाला बसवलेलं रबरी टोपण, ओढून काढला, तर बुडाजवळच्या रंगाला मसुराएवढे फोड आलेले. एकावर नख दाबलं. रंगाचा पापुद्रा सुटला आणि आत ओलसर, भिजल्या चुन्यासारखी पांढरी भुकटी. ती टूथपिकने उकरली तर तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. वरून टाकी इतकी नवी दिसत होती की त्या दिवशी बूट काढला नसता तर आणखी एक हंगाम तशीच वापरली असती.

कारण समजायला अवघड नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड हा थर फोडतं. उघड्या धातूवर मीठ धुतलं गेलं की थर पुन्हा सांधतो. रंगाला टवका उडाला की मात्र खारं पाणी कडेने रंगाखाली शिरतं आणि आतच राहतं. ते धुतलं जात नाही, वाळत नाही, दिसतही नाही. मला त्या एका खड्ड्याची एवढी धास्ती वाटली नाही. उरलेल्या रंगाखाली असे किती आहेत, हे कळायला मार्ग नव्हता, त्याची वाटली. तपासणाऱ्यालाही खड्ड्याची खोली मोजायची तर रंग काढावाच लागतो.

मग पुन्हा रंगवायचं का? हिंगणा एमआयडीसीत पावडर कोटिंगवाल्याने (रंगाची पूड मारून ती भट्टीत भाजणाऱ्याने) सांगितलं, ‘भाऊ, एका दिवसात करून देतो.’ मनात आलं होतं, पण केलं नाही ते बरं. पावडर कोटिंगची भट्टी साधारण २०० अंशांपर्यंत जाते. ६०६१ ला ताकद येते तीच मुळी १६०-१८० अंशांच्या उष्णता-प्रक्रियेतून, त्यामुळे त्याहून जास्त तापवलं की धातू मऊ पडायला लागतो. अमेरिकेच्या नियमांत तर १७७ अंशांच्या वर तापलेली ॲल्युमिनियमची टाकी बादच करतात. बाहेरून चकचकीत आणि आतून अधू झालेली टाकी पाठीवर नको. दोन्ही पिवळ्यांचा रंग आम्ही ॲल्युमिनियमला चालणाऱ्या रिमूव्हरने आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढला. कॉस्टिक सोड्याच्या जवळही जाऊ नका, तो ॲल्युमिनियमच खातो.

लॅकरच्या टाकीबद्दल थोडक्यात सांगतो. दुकानात तिच्याइतकी देखणी दुसरी नसते. पण पट्ट्याच्या बकलने ओरखडा पडला की तिथून लॅकरखाली पांढऱ्या, वळवळत्या दोऱ्यांसारख्या रेषा पसरतात. त्या पुसता येत नाहीत. निदान दिसतात तरी, एवढीच काय ती जमेची बाजू.

बिनरंगाची टाकी वर्षभरात मळकट राखाडी होते. वेटसूटला आणि हाताला काळपट डाग लागतात, धुण्यात आळस झाला तर पांढरे चट्टे येतात. पण जे काही व्हायचं ते डोळ्यांसमोर होतं. दर फेरीनंतर बूट आणि टाकीवर चढवलेली जाळी काढायची, गोड्या पाण्याने भरपूर धुवायची, चट्टा दिसला तर नायलॉनच्या घासणीने घासायचा. लोखंडी ब्रश किंवा तारेची घासणी नको, त्यातले लोखंडाचे कण धातूत रुततात आणि तिथूनच गंज धरतो. सहा वर्षांत या टाकीचं बाहेरून मनाला टोचेल असं काही निघालं नाही. चार टाक्यांचा अनुभव म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, हे मान्य. शिवाय व्हॉल्व्हचं पितळ आणि मानेचं ॲल्युमिनियम जिथे भेटतात त्या आट्यांना कुठलंच फिनिश वाचवत नाही. तिथे दोन धातू आणि खारं पाणी एकत्र येतात, म्हणून दरवर्षी व्हॉल्व्ह काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावावंच लागतं.

डाइव्ह सेंटर चालवत असाल, टाक्या रोज धुतल्या जात असतील आणि बूट नियमाने निघत असतील, तर रंगवलेल्या घ्यायला माझी हरकत नाही. ओळख पटणं तिथे मोठी गोष्ट आहे. आमच्यासारखं हंगामात चार वेळा जाऊन मधले महिने टाकी घरात ठेवणाऱ्यांनी, मला वाटतं, बिनरंगाचीच घ्यावी आणि ओळखीसाठी खांद्याजवळ रंगीत टेप लावावी. तीही दर फेरीला काढून तिच्याखाली पाहावं.

फिनिशच्या आधी टाकीला पेसोची, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेची, मान्यता आहे ना, तेवढं बघा. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखालचं हे काम ज्यांच्याकडे आहे, त्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. आणि जुनी टाकी घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच बूट काढायला लावा. रंग ताजा दिसला तर तो कधी, कुठे आणि किती अंशांवर मारला हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर मी ती टाकी घेणार नाही.