दोगू आणि हानिवा: जपानची मातीची माणसं

दोन्ही भाजलेल्या मातीचेच, पण जात वेगळी. जोमोन या जपानच्या प्रागैतिहासिक काळातले दोगू बहुतांशी स्त्रीरूप. कामेगाओका या ठिकाणी सापडलेल्या प्रसिद्ध दोगूचे डोळे तर केवढे फुगीर, मधे नुसती आडवी चीर, आणि एक पाय गायब! बहुतेक दोगू मोडकेच सापडतात. दुखणं मूर्तीवर उतरवून ती फोडत असावेत, हा एक तर्क. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, हा दुसरा.

हानिवांचं काम त्या मानाने उघड: इ.स. ३ऱ्या ते ६व्या शतकांत बड्या लोकांच्या थडग्यांच्या टेकाडांवर, बाहेर, ओळीने उभे. घरं, घोडे, योद्धे. जिवंत सेवक पुरण्याऐवजी हे आले, ही ‘निहोन शोकी’ या जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथातली कथा मात्र पटत नाही, कारण सर्वांत जुने हानिवा माणसांचे नसून साधी नळकांडीच आहेत. मला विचाराल तर दोगूच सरस.