घासलेलं रोमन नाणं ओळखायचंय? ‘ओसीआरई’ वापरून बघा

मी जर्मनीतल्या ट्रियरला राहते. रोमन काळात इथे मोठी टांकसाळ होती. गेल्या महिन्यात जुन्या बाजारात 18 युरोला एक कांस्य नाणं घेतलं, आपल्या रुपयापेक्षाही लहान. पाकिटावर लिहिलं होतं ‘कॉन्स्टन्टाइन द ग्रेट’.

आमचे आजोबा शिवराई वाचायचे, तेव्हा नाणं कधी सरळ धरायचे नाहीत. खिडकीशी बसून, उजेड बाजूने येईल असं तिरकं करायचे, की अर्धं कापलेलं ‘छत्र’सुद्धा सावलीने उठून यायचं. मी तसंच केलं. ‘कॉन्स्टन्टिनस’ दिसलं, आणि त्याच्यापुढे बारीक आय, व्ही, एन. मग एन-ओ-बी आणि सी.

तेवढ्या अक्षरांवर मी ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’, म्हणजे ‘ओसीआरई’ उघडलं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठातली प्राचीन जगाचा अभ्यास करणारी संस्था यांची ही सूची, पूर्ण मोफत. ऑगस्टसपासून झेनोपर्यंतच्या, म्हणजे इ.स. 491 पर्यंतच्या सम्राटांची नाणी तीत आहेत. सम्राट, टांकसाळ, धातू निवडत जायचं आणि वाचता आलेली अक्षरं टाकायची. लक्षात ठेवा, नाण्यांवर ‘यू’ नसतो, तिथे ‘व्ही’ असतो.

उत्तर स्वच्छ मिळालं. हा बाप नव्हे, मुलगा: दुसरा कॉन्स्टन्टाइन. आय-व्ही-एन म्हणजे धाकटा, पुढची अक्षरं ‘नोबिलिसिमस सीझर’ची, म्हणजे ‘अतिथोर सीझर’, राजपुत्राची पदवी. याच मालिकेत बापाच्या नाण्यावर ‘मॅक्स’ (महान) आणि ‘ऑगस्टस’ या सम्राटाच्या पदवीची अक्षरं येतात. मागे ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, सैन्याचा गौरव: दोन सैनिक आणि मधे दोन ध्वज. 335 च्या सुमारास ध्वज एकच उरला, म्हणून माझं नाणं त्याआधीचं, 330 नंतरचं. सैनिकांच्या पायांखाली टी-आर-एस: ट्रियर, टांकसाळीतला दुसरा कारखाना. माझ्याच गावात पाडलेलं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

नोंदींना संग्रहालयांतल्या नाण्यांचे फोटो जोडलेले असतात, ते आपल्या नाण्याशेजारी धरून बघावेत. चेहऱ्यावर मात्र विसंबू नका. या काळातले चेहरे सगळे सारखेच वाटतात. खरं-खोटं आणि किंमत इथे कळत नाही, त्यासाठी नाणं जाणत्या माणसाच्या हातात द्यावंच लागतं. अक्षरं ग्रीक असतील तर नाणं बहुधा प्रांतिक, म्हणजे साम्राज्याच्या प्रांतांतल्या शहरांनी पाडलेलं असतं, ते इथे शोधू नका. त्यासाठी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ची वेगळी सूची आहे.

आता माझ्याकडे लांडगीचं एक नाणं आहे, जुळ्यांना पाजणारी. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी. पण लांडगीच्या पायांखालची अक्षरं साफ झिजलीत, आणि हा प्रकार कितीतरी टांकसाळींनी पाडला. पाकिटावर टांकसाळीची जागा मी कोरीच ठेवली आहे.