पिसं नाहीत, फर नाही: टोरांटोच्या अख्ख्या थंडीत वापरलेला कोट

हा कोट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेला, आता एप्रिल संपत आलाय, म्हणजे साडेपाच महिने झाले, त्यातले भारतातले तीन आठवडे सोडले तर रोज अंगावर होता. घेताना मी शोध शोध शोधलं पण सगळे दोन दिवस घालून पाच स्टार देणारे, पूर्ण थंडी काढून लिहिलेलं मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझी परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी टोरांटोच्या स्कारबरो भागात राहते, सकाळची शिफ्ट असते, साडेपाचची बस. स्टॉपला काचेचं शेड नाही, नुसता खांब आहे, आणि बस उशिरा आली की पंधरा-वीस मिनिटं तसंच उभं राहायचं. जानेवारीत एका आठवड्यात उणे १८ होतं आणि वारा धरून उणे २८, तेव्हाही हाच कोट होता. गाडीतून घर ते पार्किंग एवढंच चालणाऱ्यांनी माझ्या तक्रारीतल्या अर्ध्या सोडून द्या.

कोट म्हणजे गुडघ्याच्या जरा वर येणारा पार्का (हूड म्हणजे टोपी जोडलेला जाड कोट), आत पॉलिस्टरचं भरण, हूडला खोटी फर, ती झिपने काढता येते. सेलमध्ये २८० डॉलरला मिळाला.

याआधी सहा वर्षं माझ्याकडे एक सेकंडहँड कोट होता, आत हंसाची पिसं आणि हूडला खरी कोयोटीची फर. कोयोटी म्हणजे लांडग्याचाच लहान भाऊ म्हणा, अंगाने आपल्या कोल्ह्याच्या जरा वर. खूप उबदार कोट होता, त्यात काही वाद नाही. पण एकदा बसमध्ये बसल्या बसल्या वाचलं की तो प्राणी पकडतात कसा, पायाला आवळणारा सापळा लावतात, त्यात तो अडकून पडतो, आणि माणूस येईपर्यंत तासन् तास तसाच तडफडत राहतो. युरोपियन युनियनने असल्या सापळ्यांवर १९९५ पासून बंदी घातलीये, कॅनडात अजून चालतात. ते वाचल्यावर बर्फात भिजलेल्या त्या फरचा कुत्र्याच्या केसांसारखा वास नाकाशी यायला लागला की मला गालाला ते केस लागलेले सहन होईनात. अक्षरशः हूड मागे टाकून उभी राहायचे.

इथे सगळे म्हणायचे की खऱ्या फरला पर्याय नाही, कॅनडाची थंडी म्हणजे काय खेळ आहे का. मग मी कॅनडा गूसचं बघितलं. ही टोरांटोचीच कंपनी, १९५७ पासूनची, आणि हूडभोवतीची कोयोटीची फर हीच तिची ओळख होती, लांबून फर बघून लोक ब्रँड सांगायचे. त्यांनी जून २०२१ मध्ये जाहीर केलं की त्या वर्षाअखेर फरची खरेदी बंद आणि २०२२ संपेपर्यंत फर लावलेला माल बनवणंही बंद. गुची आणि प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन ब्रँडनीही फर सोडायचं जाहीर केलं, गुचीने २०१७ मध्ये, प्राडाने २०१९ मध्ये, तेही चांगलंच झालं, पण मिलानच्या रॅम्पवरचा मिंक या छोट्या प्राण्याच्या फरचा कोट काही थंडीसाठी नसतो. जी कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली की ही फर चेहरा वाचवते, तिनेच ती सोडली, तेव्हा मला पटलं की माझ्या बस स्टॉपला तर ती नक्कीच नको. (त्यांच्या कोटात पिसं अजून आहेतच, म्हणजे अर्धं काम झालंय असं मी म्हणेन.) कॅनडाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी इन्युइट लोक जे घालतात त्याबद्दल मी बोलत नाहीये, त्यांचं जगणंच त्यावर उभं आहे.

आता खोटी फर प्रत्यक्षात कशी चालली. वारा अडवायचं काम ती जवळजवळ तेवढंच करते, कारण मुळात चेहऱ्याभोवती केसांचं दाट कडं पुढे आलेलं असलं की वारा तिथेच मंदावतो. फरक पडतो तो श्वासाच्या वाफेने. खऱ्या फरवर दव गोठलं तर झटकलं की पडायचं, हिच्यावर मात्र उणे १५ च्या खाली केसांच्या गाठी होतात, टोकं कडक होतात आणि गालाला टोचतात. पहिला आठवडा मी खूप वैतागले होते. मग नाकावरून मफलर घ्यायला लागले, वाफ फरपर्यंत जात नाही, प्रश्न बराच मिटला. फेब्रुवारीपर्यंत केस चपटे झाले होते, मोठ्या दातांच्या कंगव्याने आठवड्यातून एकदा विंचरते, बरे उभे राहतात.

आतल्या भरणाबद्दल. उणे १० पर्यंत एक स्वेटर पुरतो, उणे २० च्या खाली आत थर्मल आणि फ्लीस दोन्ही लागतात, पिसांच्या कोटात एवढं लागत नव्हतं. वजनही जास्त आहे, संध्याकाळी खांद्याला जाणवतं. पण मार्चचा ओला बर्फ आणि बर्फाळ पाऊस ज्याने खाल्लाय त्याला कळेल मी काय म्हणतेय, पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब गेलीच समजा, जुना कोट वाळायला दोन दिवस घ्यायचा. हा भिजूनही गरम राहतो आणि रात्री खुर्चीवर टाकला की सकाळी कोरडा. टोरांटोत कोरडी कडक थंडी कमी आणि ही चिकचिक जास्त, त्यामुळे माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा ठरला.

पिसांना सर्टिफिकेट असतं की, असं मैत्रीण म्हणाली. असतं, २०१४ पासून रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड आहे, त्यात जिवंत पक्ष्याची पिसं उपटायची नाहीत, बळजबरीने खायला घालायचं नाही असे नियम आहेत. ते बघून कोणी घेत असेल तर मी त्याला वाईट म्हणणार नाही, पण पक्षी शेवटी कापलाच जातो, आणि मला आता तेही नको होतं.

डिसेंबरमध्ये तीन आठवडे सांगोल्याला गेले होते. कोट हवा काढायच्या पिशवीत दाबून बॅगेत भरला, ही मोठी चूक, कोणी करू नका. बाहेर काढला तर पाठ पार बसलेली. ड्रायरमध्ये अगदी कमी हीटवर दोन टेनिस बॉल टाकून फिरवला तेव्हा बराचसा फुगला, उजवा खांदा मात्र अजून पातळच आहे. पिसं असती तर परत फुलली असती, हे मान्य करावंच लागेल. ड्रायरआधी फर काढून ठेवा, उष्णतेने तिची टोकं वितळतात.

आईने कोट बघितला आणि पहिलं हेच विचारलं, "अगं, हे कोल्ह्याचं आहे का?" नाही म्हटल्यावर तिने हात फिरवला. आमच्या घरी अजून घोंगडी आहे, धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात आणि कातरलेली मेंढी उठून पुन्हा कळपात चरायला जाते, मी लहानपणी ते समोर बसून बघितलंय. त्यामुळे जनावराचं काहीही अंगावर नको असं माझं म्हणणं नाही. सापळा आणि कात्री यातला फरक माझ्या मनात स्पष्ट आहे.

एका गोष्टीची मात्र खरंच काळजी वाटते. हे सगळं प्लास्टिक आहे, पॉलिस्टर आणि ॲक्रिलिक, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. म्हणून मी अख्ख्या सीझनमध्ये एकदाच धुतला, बाकी डाग ओल्या फडक्याने पुसते. आणि टिकला नाही तर मग उपयोग काय? फेब्रुवारीत झिपचे खालचे दात गेले, कंपनीला लिहिलं तर नवीन कोटावर १५ टक्के सूट देऊ म्हणाले. मला नवीन नकोच होता! कोपऱ्यावरच्या शिंप्याने ३५ डॉलरमध्ये जाड मेटलची झिप बसवून दिली, तेव्हापासून काही त्रास नाही. व्हीगन, म्हणजे प्राण्यांचं काहीही न वापरलेला, असा टॅग लावून दोन वर्षांत फेकायचा माल विकणार असाल तर प्राण्यांची काळजी अर्धवटच आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

जुन्या कोटाचं काय केलं हे बऱ्याच जणींनी विचारलं. टाकून देणं मनाला पटेना, तो प्राणी तर गेलेलाच होता. झारा या कपड्यांच्या ब्रँडच्या मालक कंपनीने, इंडिटेक्सने, २०१५ मध्ये अंगोरा सशाची लोकर बंद केली तेव्हा उरलेले कपडे लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांना दिले होते, ते माझ्या डोक्यात होतं. फर मी वन्यप्राण्यांच्या अनाथ पिल्लांना ऊब म्हणून जुनी फर वापरणाऱ्या एका केंद्राला दिली आणि कोट नवीन आलेल्या एका विद्यार्थिनीला.

घेणार असाल तर साइझ नेहमीपेक्षा एक नंबर मोठी घ्या, आत दोन थर बसले पाहिजेत, आणि दुकानात हूड डोक्यावर घेऊन डावी-उजवीकडे मान वळवून बघा, माझं हूड मानेबरोबर वळत नाही आणि रस्ता ओलांडताना अख्खं अंग वळवावं लागतं.