जीएमसी सीसीकेडब्ल्यू : मूळ २७० इंजिन राखावे की ३०२ बसवावे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची रसद वाहणाऱ्या आणि १९४४ मध्ये फ्रान्समधील 'रेड बॉल एक्स्प्रेस' या रसद पोहोचवणाऱ्या ट्रकताफ्यामुळे नावारूपाला आलेल्या जीएमसीच्या अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रकचे मूळ २७० (आकडा घनइंचांतल्या क्षमतेचा) इंजिन थकले, की मालकाला एका पर्यायाचा मोह पडतो. १९५० च्या दशकातील एम१३५ आणि एम२११ या लष्करी ट्रकांमध्ये असलेले ३०२ इंजिन त्याच घराण्यातले, तसेच सहा सिलिंडरांचे आहे आणि बॉनेट उघडून पाहणाऱ्या बहुतेकांना त्यातला फरक कळत नाही.

स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकण्याचे अंतर, दोन्हींचा ४ इंच आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मात्र २७० मध्ये पावणेचार इंचांहून किंचित अधिक, तर ३०२ मध्ये पूर्ण ४ इंच असल्यामुळे क्षमता ४.४ वरून ४.९ लिटरवर आणि शक्ती १०४ वरून सुमारे १३० अश्वशक्तीवर जाते. हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत, कारण २७० ची पूर्ण शक्ती मिनिटाला २७५० फेऱ्यांना मिळते, तर ३०२ ला त्यासाठी ३२०० फेऱ्या लागतात. ॲक्सलचे प्रमाण ६.६ ला १ (चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या ६.६ फेऱ्या) असल्याने ओव्हरड्राइव्ह या सर्वांत वेगवान गिअरमध्येसुद्धा २७५० फेऱ्यांना हा ट्रक ताशी जेमतेम ७२ किलोमीटर गाठतो. ३२०० फेऱ्यांना तो ८४ च्या आसपास जाईल, पण त्या काळच्या ड्रम ब्रेकांच्या भरवशावर तो वेग मी तरी घेणार नाही. खरा लाभ चढावर, भरलेल्या ट्रकने गिअर उतरवावा न लागण्यात आहे.

बसवण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. एम२११ मध्ये हायड्रामॅटिक (स्वयंचलित) गिअरबॉक्स आणि २४ व्होल्टची वीजव्यवस्था होती, तर सीसीकेडब्ल्यूमध्ये हाताने बदलायचे गिअर आणि ६ व्होल्ट; म्हणून फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटर जुन्या इंजिनाचे जुळवावे लागतात आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाची मापे खरेदीपूर्वीच तपासावी लागतात.

ट्रक प्रदर्शनासाठी किंवा सपाट रस्त्यावरच्या ताफ्यासाठी असेल, तर २७० चेच ओव्हरहॉलिंग करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगराळ भागात ओझे घेऊन नियमित फिरणाऱ्याने किंवा ज्याचा मूळ ब्लॉक तडकला आहे त्याने ३०२ चा विचार जरूर करावा. मात्र विक्रेता 'चालू' म्हणून देतो ते ३०२ इंजिनही बहुधा वर्षानुवर्षे पडून असते, त्यामुळे त्याच्याही ओव्हरहॉलिंगचा खर्च हिशेबात धरूनच दोन्हींच्या किमती ताडून पाहाव्यात.