हिब्रू नावांच्या अर्थाचं ॲप: वंशावळी वाचणाऱ्यांनी नक्की घ्या, दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात

बायबलमधल्या '१ इतिहास' या पुस्तकाचे पहिले ९ अध्याय म्हणजे नावांमागून नावं, अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कोणी, आणि बरेच जण ती पानं उलटून सरळ दाविद राजापाशी जातात. मला विचाराल तर खरी मजा त्या पानांतच आहे आणि हे ॲप त्यासाठीच बनवलंय. नाव टाकलं की हिब्रू अक्षरं, उच्चाराचा ऑडिओ, शब्दाचा मूळ धातू आणि ते नाव बायबलच्या कुठल्या वचनात येतं हे सगळं एकाच स्क्रीनवर दिसतं.

सगळ्यात भारी काय, तर बायबलच्या मजकुरात नावाचं जे कारण सांगितलंय ते आणि भाषेच्या अभ्यासकांचं मत वेगवेगळं दाखवलंय. १ इतिहासातल्या याबेसचंच बघा ना, त्याची आई म्हणते याला वेदना सोसून जन्म दिला म्हणून याबेस, पण वेदनेच्या हिब्रू शब्दात शेवटची दोन अक्षरं उलटी येतात. नोहाबद्दल त्याचा बाप लामेख म्हणतो हा आपलं सांत्वन करील, पण नाव जुळतं ते विसाव्याच्या धातूशी. म्हणजे हा नादाचा खेळ आहे, ती व्युत्पत्ती नाही, आणि ॲप हे स्पष्ट लिहितं, त्यासाठी मी फुल मार्क देईन.

१ इतिहासाच्या ७व्या अध्यायातला एफ्राइम वाचा. त्याची मुलं गाथच्या लोकांची गुरं पळवायला गेली आणि तिथे मारली गेली, बापाने खूप दिवस शोक केला, मग जो मुलगा झाला त्याचं नाव बरीया, का तर घरावर अरिष्ट आलं होतं. आणि लगेच पुढच्या वचनात त्याच घराण्यातली शेरा, जिने खालचं आणि वरचं बेथ-होरोन बांधलं! एवढ्या पुरुषांच्या यादीत गावं बांधणारी एक बाई, आणि तिच्याबद्दल फक्त एक वचन. ॲपमध्ये तिचं वेगळं पान आहे, बघून खरंच बरं वाटलं.

त्याच पुस्तकाच्या २५व्या अध्यायातला हेमान पण चुकवू नका. त्याच्या १४ मुलांपैकी शेवटच्या काहींची नावं सलग वाचली तर एखाद्या स्तोत्राच्या ओळी वाटतात, गिद्दल्ती म्हणजे 'मी थोर मानलं', रोममती-एजेर मध्ये 'मी उंचावलं', असं बरंच. हेमान मंदिरातला गायक होता हे लक्षात घेतलं की अजून छान वाटतं. ऑडिओ इथे खूप उपयोगी पडतो.

आता तक्रारी. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातल्या आदाम ते नोहा या १० नावांचे अर्थ जोडून एक गुप्त संदेश तयार होतो असा लेख आत टाकलाय, तो काढून टाका. तिथे केनान म्हणजे 'दुःख' असं ठाम लिहिलंय, पण ते नाव सहसा आदामाचा मुलगा काइन याच्या नावाशी जोडतात, आणि मथुशलहाच्या अर्थावर तर अजून एकमत नाही. बाकी ॲपमध्ये एवढी काळजी घेतली आणि इथे नेमकी सोडली, हे मला पटलं नाही.

दुसरं म्हणजे सर्च. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, यांनी मोशेपुढे उभं राहून बापाच्या वतनात वाटा मागितला आणि मिळवला (बायबलचं गणना हे पुस्तक, अध्याय २७). पण नोआ टाइप केलं की ॲप तारू बांधणाऱ्या नोहावर नेतं. हिब्रूत दोन्हींचं शेवटचं अक्षर वेगळं आहे, त्यामुळे हे दुरुस्त करणं अवघड नसावं, पुढच्या अपडेटमध्ये नक्की करा. तोपर्यंत ४ स्टार.