तल्लफ येते तेव्हा: सीबीटी, माइंडफुलनेस की दोन्ही?

थेरपींची नावं क्षणभर बाजूला ठेवा आणि एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दारू सोडून दीड महिना झालाय. आज साहेबांची बोलणी खाल्लीत, घसा कोरडा पडलाय आणि नेमका जुन्या मित्राचा फोन वाजतोय.

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी. ती शिकलेल्या माणसाने ही संध्याकाळ समुपदेशकासोबत आधीच कागदावर मांडलेली असते. फोन उचलायचा नाही, उचललाच तर काय बोलायचं, त्याऐवजी कोणाला फोन लावायचा, सगळं ठरलेलं असतं. 'एकाने काय होतंय?' या विचाराला द्यायचं उत्तरही तयार असतं.

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे जाणवतंय ते शांतपणे बघण्याचा, ध्यानाचा सराव. तो शिकलेला माणूस त्याच क्षणी थांबतो. तल्लफ अंगात कुठे जाणवतेय ते बघतो: जबडा आवळलाय, पोटात ओढ आहे, बोटं चुळबुळतायत. तो तिच्याशी भांडत नाही आणि तिचं ऐकतही नाही. श्वासाकडे लक्ष ठेवून बसतो. तल्लफ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि ओसरू लागते. एकदा हे अनुभवलं की 'प्यायल्याशिवाय ही जाणारच नाही' ही भीती सैल पडते.

हे दोन मार्ग एकमेकांचे वैरी नाहीत. व्यसनाकडे परत घसरण होऊ नये म्हणून सीबीटीच्या धर्तीवर पद्धत बसवणारे अॅलन मार्लॅट यांनीच पुढे सहकाऱ्यांसोबत तिच्यात माइंडफुलनेस मिसळून 8 आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला.

2014 साली या कार्यक्रमाची 286 जणांवर चाचणी प्रसिद्ध झाली. सुरुवातीचे उपचार पूर्ण झालेल्या या लोकांचे तीन गट केले होते: माइंडफुलनेसचा, सीबीटी पद्धतीचा आणि नेहमीच्या उपचारांचा. सहा महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा चांगल्या स्थितीत होते. अमली पदार्थ पहिल्यांदा पुन्हा घेण्याची वेळ सीबीटीने जास्त लांबवली. वर्षभराने मात्र माइंडफुलनेसच्या गटात अमली पदार्थ घेतल्याचे दिवस आणि अति मद्यपान, दोन्ही कमी दिसलं. मी याचा अर्थ असा लावतो की सुरुवातीला आखलेली योजना सावरते आणि पुढे मुरलेला सराव. पण एका चाचणीवर सगळा भार टाकू नये. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासते. तिच्या 2021 च्या आढाव्यात माइंडफुलनेसच्या 40 चाचण्या तपासल्या गेल्या आणि बऱ्याच बाबतींत पुरावा कच्चाच निघाला. म्हणून माझा कौल 'दोन्ही' असा आहे, 'फक्त माइंडफुलनेस' असा नाही.

तुम्हाला कोणत्या जागा, कोणती माणसं, कोणत्या वेळा धोक्याच्या आहेत हेच अजून उमगलं नसेल, तर सीबीटीपासून सुरू करा. ते सगळं पाठ असूनही राग, उदासी किंवा बेचैनी आली की पाय घसरत असेल, तर माइंडफुलनेस जोडाच. सोडायचं की नाही हेच ठरत नसेल, तर आधी प्रेरणात्मक संवाद. त्यात समुपदेशक उपदेश न करता तुमचीच कारणं तुमच्या तोंडून बाहेर काढतो. कोकेनसारख्या उत्तेजकांच्या व्यसनात, तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीमागे भक्कम पुरावा आहे. तीही विचारून बघा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. रोजची भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर. अफूवर्गीय व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध चालू असेल, तर ध्यान जमू लागलं म्हणून ते परस्पर बंद करू नका.

मनावर जुना आघात असेल तर डोळे मिटून बसल्यावर त्या आठवणी उसळून येऊ शकतात. थेरपिस्टला आधीच सांगा. डोळे उघडे ठेवून, चालताना किंवा जमिनीला टेकलेल्या पावलांवर लक्ष ठेवूनही हा सराव करता येतो.

नाव नोंदवण्याआधी तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः रोज सराव करता का? व्यसनाच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलंय का? आणि मधेच एखाद्या दिवशी मी प्यायलो, तर पुढच्या सत्राला येऊ ना? तिसऱ्या प्रश्नाला 'त्या आठवड्यात तर नक्की या' असं उत्तर मिळालं, तर तिथे नाव घाला.